होमस्कूलिंगचा पसारा: कोणतं काम मोबाइलला द्यायचं आणि कोणतं नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे: नाशिकमधलं एक कुटुंब, मुलगी अकरा वर्षांची, मुलगा आठ वर्षांचा, जूनपासून दोघंही घरीच शिकताहेत. आई घरूनच अर्धवेळ नोकरी करते. मोबाइलमध्ये शिक्षणाची ॲप्स भरपूर झाली आहेत, तरी दिवस कुठे जातो ते कळत नाही. कोण काय शिकलं याची नोंद कुठेच नाही. आता दोघांना एकेक टॅबलेट घ्यावा का, असा सवाल आहे.

ताई, टॅबलेटचं शेवटी बोलू. आधी वेळ कुठे गळतोय ते पाहू.

होमस्कूलिंगमध्ये आईचा वेळ शिकवण्यात फारसा जात नाही. आठ वर्षांच्या मुलाला समोर एकट्याला घेऊन बसलं, तर वाचन, लेखन आणि गणित मिळून दीड-दोन तासांत आटोपतं. वर्गात हजेरी, शिस्त आणि बाकीच्या मुलांची वाट पाहणं यात जातो तो वेळ घरी लागतच नाही. वेळ खातात ती वेगळी कामं. भागाकाराचं वर्कशीट शोधायला मोबाइल उघडला की अर्धा तास गेला. आज इतिहास घ्यायचा की विज्ञान, यावर सकाळचा चहा थंड होतो. मागच्या महिन्यात अपूर्णांक झाले होते की राहिले होते, ते आठवत नाही. ही सगळी कारकुनी आहे आणि कारकुनी यंत्राला उत्तम जमते. माझ्याकडे सल्ला मागायला येणाऱ्या बहुतेक घरांत मात्र उलटा कारभार दिसतो. शिकवायचं काम ॲपवर सोपवलेलं असतं आणि कारकुनी सगळी आईच्या डोक्यात. तुमच्या पत्रावरून तुमच्याकडेही तेच झालंय असं दिसतं.

म्हणून पहिलं काम काढून टाकण्याचं. प्रत्येक ॲपसमोर एकच प्रश्न ठेवा: याने माझं नेमकं कोणतं काम कमी झालं? ‘मुलं त्यात रमतात’ हे उत्तर चालणार नाही, मुलं चिखलातही रमतात आणि ते फुकट असतं. फुकट चाचणी संपता संपता फोन करून तीन-तीन वर्षांचं पॅकेज हप्त्यांवर गळ्यात मारणारी ॲप्स तर आजच काढा. दोन मुलांच्या घराला एक सामायिक कॅलेंडर, एक स्प्रेडशीट, एक फॉर्म, फायली ठेवायला एक जागा आणि पाठांतराचं एक साधन एवढं पुरतं. मी खाली गूगलची नावं घेते ती फुकट आहेत आणि बहुतेकांच्या फोनमध्ये आधीपासून असतात म्हणून. दुसरं काही वापरत असाल तर तेच ठेवा.

स्प्रेडशीट हा या सगळ्याचा कणा आहे, त्यामुळे तिच्याबद्दल जरा सविस्तर सांगते. तासांचं वेळापत्रक करू नका. ‘सोमवारी नऊ ते पावणेदहा गणित’ असं लिहिलं की मंगळवारपर्यंत गॅसवाला, पाहुणे आणि तुमची ऑफिसची मीटिंग मिळून त्याचा निकाल लावतात. मग आपणच अपराध्यासारखे. त्याऐवजी आठवड्याची यादी करा. प्रत्येक आठवड्याला एक पान. उभे रकाने पाच: विषय, काय करायचं, कुणी करायचं, पान नंबर किंवा लिंक, आणि चौकोनी टिक. शीटमध्ये ‘चेकबॉक्स’ घालता येतो. मुलं स्वतः टिक करतात आणि तो त्यांना मिळणारा छोटासा मानही असतो. रविवारी रात्री मागच्या पानाची प्रत काढायची, टिक झालेल्या ओळी पुसायच्या, उरलेल्या तशाच ठेवायच्या आणि नव्या भरायच्या. सवय झाली की वीस-पंचवीस मिनिटांत होतं. एखादी ओळ सलग तीन आठवडे तशीच पुढे ढकलली जात असेल, तर ती कामाची नाही किंवा तिची भीती वाटतेय. दोन्ही गोष्टी कळणं महत्त्वाचं.

लिंकचा रकाना सर्वांत जास्त वेळ वाचवतो. व्हिडिओ, गोष्ट, नकाशा, वर्कशीट जे काही लागणार असेल ते रविवारीच शोधून तिथे चिकटवायचं. सोमवार ते शनिवार शोधाशोध बंद. मुलांसमोर यूट्यूबच्या खिडकीत शोधायला बसलात तर ज्वालामुखीचा व्हिडिओ सापडेपर्यंत धाकटा क्रिकेटवर पोचलेला असेल. चिकटवलेली लिंक उघडा, ऑटोप्ले बंद ठेवा, व्हिडिओ संपला की खिडकी बंद.

दुसरी गोष्ट नोंदीची. शिकलेलं रोज वहीत लिहून काढायचा उत्साह दिवाळीपर्यंत टिकतो. म्हणून एक गूगल फॉर्म करा, प्रश्न चारच: कोण, कोणता विषय, काय केलं (एक ओळ), आणि अडलं का. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या प्रश्नाला पर्याय द्या म्हणजे बोट टेकवलं की झालं. ‘काय केलं’ हे मराठी कीबोर्डवरचा माइक दाबून बोलून भरता येतं, टाइप करत बसायला नको. फॉर्मची लिंक क्रोममध्ये उघडून ‘होम स्क्रीनवर जोडा’ केलं की ती एखाद्या ॲपसारखी समोर राहते. फॉर्म शीटला जोडला की प्रत्येक नोंद तारीख-वेळेसकट आपोआप ओळीत जाऊन बसते. मुलगी अकरा वर्षांची आहे, तिने तिचं स्वतः भरावं. मुलाचं दुपारी जेवण झाल्यावर तुम्ही दोघं मिळून भरा. त्या निमित्ताने तो आज काय केलं ते आठवून सांगतो, हा वेगळा फायदा.

‘अडलं का’ या प्रश्नाकडे जास्त लक्ष द्या. रविवारी शीटला गाळणी (फिल्टर) लावून फक्त ‘हो’ असलेल्या ओळी काढल्या की पुढच्या आठवड्याचं अर्धं नियोजन तुमच्यासमोर असतं. हातचा घेताना चुकतंय, इंग्रजी वाचताना अडखळतेय, हे तुम्हाला लक्षात ठेवावं लागत नाही.

या नोंदींचा पुढे काय उपयोग, असं वाटत असेल तर सांगते. शिक्षण हक्क कायदा २००९ सालचा, तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यात होमस्कूलिंगचा स्पष्ट उल्लेख नाही, पण चौथ्या कलमानुसार शाळेबाहेर असलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो. उद्या बदली झाली, मन बदललं, मुलीलाच शाळेत जावंसं वाटलं, तर मुख्याध्यापकांसमोर ‘घरी शिकवलंय’ एवढंच सांगणं आणि महिनावार नोंदी समोर ठेवणं यात फार फरक पडतो.

नोंदींबरोबर कामाचे नमुने ठेवा, पण सगळे नको. शुक्रवारी दर मुलाची दोन-तीन पानं स्कॅन करा. गूगल ड्राइव्हच्या ॲपमध्येच स्कॅनची सोय आहे, वेगळं काही घ्यायला नको. फाइलला नाव देताना वर्ष आणि महिना आधी, मग मूल, मग विषय: ‘२०२५-०७-ताई-गणित-अपूर्णांक’. असं केलं की फायली आपोआप काळाच्या क्रमाने लागतात आणि शोधताना एकच शब्द पुरतो. फोल्डरमध्ये फोल्डर, त्यात आणखी फोल्डर अशी उतरंड रचू नका, कारण तुम्हीच त्यात हरवाल. फुकट मिळणारी जागा १५ जीबी असते आणि ती ड्राइव्ह, जीमेल व फोटो या तिघांत वाटलेली असते. नाचाच्या व्हिडिओंनी ती भरते, वह्यांच्या स्कॅनने नाही. व्हिडिओ वेगळ्या हार्ड डिस्कवर टाका.

मुलाचं वाचन महिन्यातून एकदा रेकॉर्ड करा. त्याच पुस्तकातली नवी गोष्ट, दोन मिनिटं, साध्या व्हॉइस रेकॉर्डरवर. जूनचं आणि डिसेंबरचं रेकॉर्डिंग लागोपाठ ऐकलं की घरातल्या शंकेखोरांची तोंडं बंद होतात. माझा अनुभव असा की सासूबाई प्रगतिपुस्तकापेक्षा यावर जास्त विश्वास ठेवतात.

आता साहित्य. मराठी मुलांसाठी चांगलं आणि फुकट इतकं आहे की पैसे भरून काही घेण्याआधी हे संपवा. बालभारतीची पाठ्यपुस्तकं संस्थेच्या संकेतस्थळावर पीडीएफ स्वरूपात मिळतात. एका बैठकीत दोघांची सगळी पुस्तकं उतरवून ड्राइव्हमध्ये ठेवा आणि फोनवर ‘ऑफलाइन उपलब्ध’ करून टाका. छापील पुस्तक हातात हवंच, ही प्रत छपाईसाठी आणि प्रवासासाठी. पुस्तकांतले क्यूआर कोड दीक्षा या सरकारी ॲपने उघडतात आणि त्यातलं साहित्य आधी उतरवून ठेवता येतं. सगळे व्हिडिओ चांगले नाहीत, काही तर पाठच वाचून दाखवतात, पण भूमितीच्या रचनांना उपयोग होतो. ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक बालभारतीने वाचायला खुले केले आहेत. तुमच्या मुलीच्या वयाला तो खजिना आहे. धाकट्यासाठी प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ: मराठी गोष्टी पातळीनुसार लावलेल्या, उतरवून छापायची मोकळीक. संदर्भाला मराठी विश्वकोश ऑनलाइन आहेच. मुलीला एखादी नोंद जड जाईल, तरी ‘अमुक काय असतं’ या प्रश्नावर आधी तिथे जायची सवय लावा. ‘गूगलला विचार’ म्हटलं की उत्तराबरोबर दहा जाहिराती येतात.

वीज आणि नेट यांचा भरवसा नसतो, म्हणून ‘नेट नाही’ नावाचं एक फोल्डर करा. त्यात उतरवून ठेवलेल्या चार-पाच वर्कशीटच्या फायली, काही गोष्टी, एक-दोन ऑडिओ. नेट गेल्यावर काय करायचं याचा विचार त्या वेळी करावा लागू नये.

एक आठवडा प्रत्यक्षात कसा मांडायचा ते तुमच्याच गावाचं उदाहरण घेऊन सांगते. सहावीच्या इतिहासात प्राचीन भारत आहे, त्यात सातवाहन येतात. मुलगा त्या इयत्तेचा नाही, पण इतिहास, विज्ञान आणि मोठ्याने वाचन दोघांचं एकत्रच घ्यायचं. विषय एक, काम वेगळं. वेळ वाचवण्याचा यापेक्षा मोठा उपाय कोणत्याही ॲपमध्ये नाही. तुमच्या दारात पांडवलेणी आहेत. नावात पांडव असले तरी ती बौद्ध लेणी आहेत. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे आणि त्यात तिने आपला मुलगा, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी, याचे पराक्रम सांगितले आहेत. रविवारी शीटमध्ये लिहा: पाठाचं पान, विश्वकोशातल्या सातवाहनांच्या नोंदीची लिंक, आणि बुधवार सकाळ लेणी. बुधवारी पायऱ्या चढताना फोन पिशवीत. वर गेल्यावर मुलीने लेखाचे आणि खांबांचे फोटो काढायचे, मुलाने त्याला दिसलेले प्राणी मोजून व्हॉइस रेकॉर्डरवर बोलायचं. घरी येऊन मुलीने त्या फोटोंना प्रत्येकी दोन ओळी लिहायच्या, मुलाने एका प्राण्याचं चित्र काढायचं. गुरुवारी स्कॅन, फॉर्ममध्ये दोन नोंदी, काम संपलं. इतिहास, भाषा, थोडं गणित, चित्रकला आणि व्यायाम एका फेरीत झाले. तुमची तयारी मात्र एका रकान्यात मावली.

पाठांतरासाठी अंकी (Anki) हे प्रश्नोत्तरांच्या पत्त्यांचं ॲप मला पसंत आहे. शब्द किंवा प्रश्न एका बाजूला, उत्तर दुसऱ्या बाजूला, आणि चुकलेला पत्ता लवकर, बरोबर आलेला उशिरा परत समोर येतो. संगणकावर आणि अँड्रॉइडवर ते फुकट आहे, आयफोनवर विकत घ्यावं लागतं. इंग्रजी स्पेलिंग, वाक्प्रचार, राज्यांच्या राजधान्या यांना उत्तम. दोन गोष्टी पाळा. पत्ते मुलीने स्वतः बनवायचे, कारण बनवतानाच निम्मं पाठ होतं. आणि रोजच्या नव्या पत्त्यांची मर्यादा मुळात २० असते, ती ५ वर आणा. नाहीतर पंधरा दिवसांत उजळणीचा डोंगर साचतो आणि मूल ते उघडायचंच सोडतं. पाढ्यांसाठी मात्र अंकीही नको आणि रंगीत खेळही नको. पाढे तोंडाने, मोठ्याने, चालीत. जमलं तर निमकी आणि पावकीसुद्धा (अर्ध्याचे आणि पावाचे पाढे), अपूर्णांक शिकवताना तुम्ही स्वतःला धन्यवाद द्याल.

हे पाढ्यांचं काम आजीआजोबांकडे द्या. रोज ठरलेल्या वेळी व्हिडिओ कॉल, वीस मिनिटं: आजोबांसमोर पाढे, मग मुलीने वर्तमानपत्रातली एक बातमी वाचून दाखवायची. गावी असलेल्या आजोबांना काम मिळतं आणि तुम्हाला रोज वीस मिनिटांची सलग शांतता. ऑफिसचा महत्त्वाचा फोन त्या वेळात लावा. हा सल्ला दिलेल्या घरांपैकी बहुतेकांनी बाकी सगळं सोडलं तरी हे चालू ठेवलंय.

एआयशी गप्पा मारणारी साधनं आता सगळे वापरतात, तुम्हीही वापरत असाल. ती तुमच्यासाठी, मुलांसाठी नाही. ‘तिसरीच्या मुलासाठी वजाबाकीची दहा शाब्दिक उदाहरणं, बाजारहाटावर, हातचा घ्यावा लागेल अशी’ असं सांगितलं की मिनिटात मिळतात. त्यांची उत्तरं स्वतः सोडवून तपासा. आकडेमोडीत चुका होतात आणि त्या इतक्या आत्मविश्वासाने लिहिलेल्या असतात की आपल्यालाच शंका येते. मराठी व्याकरणात तर समास, संधी आणि ऱ्हस्व-दीर्घ यांबाबत त्यांच्यावर विसंबू नका, व्याकरणाचं छापील पुस्तक जवळ ठेवा. मुलांची पूर्ण नावं, फोटो, जन्मतारीख त्यात टाकायची गरज नसते.

कॅलेंडरमध्ये अभ्यास लिहू नका. तिथे फक्त दुसऱ्या कुणाच्या वेळेशी बांधलेल्या गोष्टी: पोहण्याचा क्लास, दंतवैद्य, तुमच्या मीटिंगा, नवऱ्याचा दौरा. दोघांच्या फोनवर एकच कॅलेंडर आणि प्रत्येक व्यक्तीला एक रंग. त्यात एक रंग परीक्षांसाठी राखून ठेवा. मुलगी अजून लहान आहे, पण तारखा चुकतात त्या याच बाबतीत. एनआयओएसकडे (राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था) मुक्त मूलभूत शिक्षणाच्या तीन पातळ्या आहेत, त्या तिसरी, पाचवी आणि आठवीच्या तोडीच्या. दहावीसाठी किमान वय १४ पूर्ण, किमान पाच विषय, त्यातला एक तरी भाषेचा. सार्वजनिक परीक्षा वर्षातून दोनदा होतात, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. नोंदणी पाच वर्षं चालते. २० टक्के गुण टीएमए म्हणजे घरून करायच्या लेखी कामाला असतात आणि ते मुदतीत सादर करावं लागतं. राज्य मंडळाकडून बसवायचं तर खासगी विद्यार्थ्यांसाठीचा सतरा नंबरचा फॉर्म, तो परीक्षेच्या बरेच महिने आधी भरायचा असतो. या तारखा दरवर्षी त्या त्या संस्थेच्या संकेतस्थळावरूनच घ्या, व्हॉट्सॲपवर पुढे आलेल्या पत्रकावरून नको.

व्हॉट्सॲपचं नाव निघालंच तर: होमस्कूलिंगचे मोठे गट म्यूट करा आणि आठवड्यातून एकदा उघडा. तिथली चर्चा वाचून रोज वाटतं की बाकी सगळ्यांची मुलं पियानो वाजवत कोडिंग करताहेत. त्याऐवजी दोन-तीन घरांचा लहान गट करा आणि कामं वाटून घ्या. एकीने विज्ञानाच्या लिंका शोधायच्या, दुसरीने इतिहासाच्या, शीट सामायिक. शोधाशोध तिथल्या तिथे निम्मी होते.

आता टॅबलेट. दोन तर नकोतच, सध्या एकही नको. टॅबलेटवर लिहिणं कमी आणि पाहणंच जास्त होतं, आणि दोन असले की दोघं दोन कोपऱ्यांत जातात. एक साधा लॅपटॉप हॉलमध्ये टेबलावर, पडदा सगळ्यांना दिसेल असा, मुलांचं वेगळं खातं. फॅमिली लिंक या गूगलच्या ॲपने फोनवरच्या ॲप्सना तुमची परवानगी लागेल अशी सोय करा. घरातला जुना फोन सिम काढून मुलांचा कॅमेरा आणि रेकॉर्डर म्हणून वापरा. टॅबलेटचे जे पैसे काढून ठेवलेत त्यांतून इंक टँकचा प्रिंटर घ्या. छापलेलं पान पडद्यावरच्या पानापेक्षा लवकर पूर्ण होतं आणि दर वेळी झेरॉक्सच्या दुकानात जावं लागत नाही. महिन्यातून एकदा महिनाभराची वर्कशीट एकदम छापा, दोघांच्या दोन फायली करा. कागद पाठपोट वापरायचा की नाही हे मुलीवर सोपवा, या वयाची मुलं त्याबाबत आपल्यापेक्षा काटेकोर असतात.